‘सिद्दी’ : एका शब्दाची कुळकथा

सुरतेच्या दक्षिणेस लोहमार्गावर सचिन नावाचे स्थानक लागते. आज तेथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे. परंतु १९४८ पर्यंत सचिन हे सिद्दी नबाबांचे लहानसे संस्थान होते. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारा सिद्दी अब्दुल करीम खान ऊर्फ बाळू मियाँ याने १७९१ साली आपला हक्क पेशव्यांस दिला व मोबदल्यात हा मुलूख मिळविला. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही.

‘सिद्दी’ हा शब्द कानी पडताच आपणांस ‘सिद्धी’ आठवते. पण ध्वनीचे साम्य म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. ‘सिद्धी’ संस्कृत ‘सिध्’ धातूपासून झाली. ‘सिद्दी’चे मूळ अरबी ‘सय्यिद’ म्हणजे धनी, स्वामी या शब्दात आहे. ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे धनी’. बोलीत त्याचेच ‘सीदी’ झाले. उत्तर आफ्रिकेत साधुपुरुषांच्या नावाआधी तो आजही लावतात. स्पेनचा वीर रोद्रिगो दिआस (मृत्यू १०९९) ‘सीद’ म्हणून गाजला, तोही याच शब्दाने. अहमदाबादेतील ‘सीदी सय्यद’ची मशीद प्रसिद्धच आहे, त्या नावातील दोन्ही पदे मूळची एकच, हे मात्र थोड्यांच्या ध्यानी येते.

‘हबशी’ या शब्दाची कुळी निराळी. ‘हबश’ हे देशाचे नाव. ॲबिसिनिया हे त्याचेच युरोपीय रूप. जंजिऱ्याच्या मुलखास आपले लोक ‘हबसाण’ म्हणत, ते यावरूनच. म्हणजे एक शब्द देश सांगतो, दुसरा मान. आफ्रिकेतून येथे आलेल्यांपैकी पुष्कळ जण गुलाम म्हणून आणले गेले. आणि त्यांच्याच वंशजांस ‘धनी’ या अर्थाचे नाव चिकटले! व्यक्तीचा मान जमातीचे नाव झाला आणि मग त्यातील मान तेवढा विसरला गेला.

आपल्या घरांत हा शब्द कडवट झाला, त्यासही कारण आहे. १७२७ साली सिद्दी सात याने चिपळूणजवळील श्रीपरशुरामाचे देवालय लुटले. ब्रह्मेंद्रस्वामींचा संताप सर्वश्रुत आहे. १७३६ साली चिमाजीअप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला. हे विसरावे असे कोणी म्हणणार नाही.

तथापि एका सरदाराचे कृत्य साऱ्या जमातीच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानांत राहणाऱ्या सिद्दींपैकी पुष्कळांच्या घरी कोंकणी बोलली जाते. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. २००३ साली त्यांची गणना अनुसूचित जमातींत झाली. आपलीच भाषा बोलणाऱ्या त्या बांधवास ‘सिद्दी’ अशी हाक मारताना आपण त्यास नकळत ‘माझे धनी’ म्हणत असतो. अर्थ कळल्यावर तरी ती हाक हेटाळणीची राहू नये.