घराबाहेर शिकणाऱ्या मुलांसाठी : मसाला लावून मुरवलेले चिकन

अनगोळची मुले बारावी झाली की पुणे, बेंगळुरू, हुबळी अशी पांगतात. पहिले दोन महिने खानावळीचे कौतुक असते, मग रात्री घरी फोन येतो, "आई, चिकनला काय काय लावायचं?" हा फोन इतक्या घरांत येतो की एकदा लिहूनच ठेवावे असे आम्हाला वाटले. बँकेत असताना आम्ही शैक्षणिक कर्जाचे पुष्कळ अर्ज पाहिले. त्यात वसतिगृहाचा खर्च धरता येतो, पण बहुतेक कर्जांवर शिक्षण सुरू असतानाही साधे व्याज चढत असते. म्हणजे कर्जाच्या पैशातून मागवलेल्या बिर्याणीवरसुद्धा! आठवड्यातून एकदा खोलीवर शिजवले तर तेवढे तरी वाचते.

बोनलेसच्या नादी लागू नये. ते महाग पडते आणि लवकर कोरडे होते. हाडासकट तंगडीचे तुकडे अर्धा किलो घ्यावेत, दोघांना पुरतात. एक बटाटा बारीक चिरून टाकला की तिसऱ्याचेही भागते.

अर्ध्या किलोला एक सपाट चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण, तीन-चार मोठे चमचे दही, एक मोठा चमचा तेल आणि दीड-दोन चहाचे चमचे तिखट. घरून कांदा-लसणाची चटणी नेली असेल तर तिच्यात बहुधा मीठ असतेच, तेव्हा मीठ पाऊण चमचाच घालावे. तिखट विकत घ्यायचे तर ब्याडगीने रंग चांगला येतो, झणझणीतपणा कमी. आपल्या हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी त्याहून तिखट. निम्मी-निम्मी घ्यावी, असे आमचे मत.

मुरताना मीठ हळूहळू आत शिरते, बाकीचा मसाला बहुतेक वरच राहतो. म्हणून तुकड्यांना सुरीने खोल चिरा द्याव्यात. दह्याने मांस मऊ होते. लिंबू पिळायचे तर शिजल्यावर पिळावे. लिंबू लावून रात्रभर ठेवले तर तुकडे पिठूळ लागतात. कच्च्या पपईचा कीस फार जोरदार असतो, त्याने कोवळ्या बॉयलर कोंबडीचा लगदा होतो. तो मटणालाच ठेवावा.

आता खरी काळजीची गोष्ट. फ्रीज असेल तर चिकन झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, रात्रभर ठेवावे. फ्रीज नसेल तर अर्ध्या तासात शेगडीवर चढवावे; सकाळी मसाला लावून कॉलेजला जाणे नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट बिघडले तर वर्ष अडते. चिकन नळाखाली धुतले की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या ताटांवर उडतात आणि त्याबरोबर जंतूही. आपल्या घरांत धुतल्याशिवाय चैन पडत नाही हे आम्ही जाणतो, तर निदान पातेल्यात हलक्या हाताने धुवावे. मग हात, सुरी, पाट साबणाने स्वच्छ करावेत. कोशिंबिरीचा कांदा त्याच पाटावर चिरू नये.

जाड बुडाच्या कढईत थोड्या तेलावर एक कांदा लाल परतावा. मसाल्यासकट चिकन आणि बटाटा घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटे परतावे, मग मंद आचेवर झाकून वीस-पंचवीस मिनिटे. पाणी घालू नये, चिकनला स्वतःचेच सुटते. सुके हवे तर शेवटी झाकण काढून आटवावे. सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. आतला रस स्वच्छ दिसला पाहिजे. हाडालगत थोडी लाली शिजल्यावरही राहते, पण मांस कच्चे, चिवट लागले तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत 74 अंश सेल्सिअस.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत गरम करून. खोलीतला जोडीदार शाकाहारी असेल तर कढई वेगळी ठेवावी आणि खोली घेतानाच घरमालकाला विचारून घ्यावे. काही ठिकाणी मांसाहार चालत नाही.