प्रो. विजापूरकर आणि समर्थ विद्यालयाचा गोतावळा

जुन्या कागदांचा शोध घेणारे आम्ही लोक पेशवाई बुडाल्यानंतरच्या कागदास सहसा हात लावीत नाहीं. शाळेचीं हजेरीपत्रकें, वर्गणीच्या पावत्या, मासिकांचीं वेष्टनें हीं बहुधा रद्दींतच जातात. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभींच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा तर अस्सल साधन हेंच होय. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) यांचें चरित्र या म्हणण्यास प्रमाण आहे.

विजापूरकर हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक. १८९४ सालीं त्यांनीं ‘ग्रंथमाला’ हें मासिक काढलें. आमच्या वाचकांस याचें अगत्य विशेष असावें. कारण राजवाड्यांनीं संपादिलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचे कांहीं खंड या मालेंतूनच बाहेर पडले. त्यांचा ‘कादंबरी’ हा निबंधही तेथलाच. सारांश, ज्या खंडांस आज आम्ही जिवापाड जपतों, त्यांच्या पाठीशीं एका अध्यापकाची खटपट होती.

वेदोक्त प्रकरणांत विजापूरकरांनीं शाहू महाराजांच्या विरुद्ध पक्ष घेतला. पुढें कॉलेजची नोकरी सुटली. १९०५ च्या वंगभंगानंतर राष्ट्रीय शिक्षणाचा विचार बळावला, तेव्हां त्यांनीं १९०६ सालीं समर्थ विद्यालय स्थापिलें व ‘विश्ववृत्त’ मासिक सुरू केलें. विद्यालय कोल्हापुराहून मिरजेस आणि तेथून तळेगांव दाभाडे येथें गेलें. विद्यालयास माणसें मिळालीं तीं लेखनाच्या व स्नेहाच्या संबंधांतून. नुकतेच एम्. ए. झालेले वामन मल्हार जोशी हे शिक्षक झाले आणि ‘विश्ववृत्ता’चें कामही पाहूं लागले.

ज्या संबंधांनीं संस्था उभी राहिली त्यांनींच ती संकटांत आली. १९०८ सालीं ‘विश्ववृत्तां’त पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख छापला गेला. सरकारनें तो राजद्रोहात्मक ठरविला. विजापूरकर व वामनराव यांस प्रत्येकीं तीन वर्षांचा कारावास झाला. १९१० सालीं विद्यालयही बंद पाडण्यांत आलें. त्याच सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. विद्यालय गेलें तरी गोतावळा विरला नाहीं. वामनराव पुढें कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यांत शिरले. सातवळेकरांनीं औंधास स्वाध्याय मंडळ चालविलें. तळेगांवीं विजापूरकरांच्या विद्यालयाचें पुनरुज्जीवन झालें.

मात्र गुणगानांत मर्यादा झांकूं नये. त्याच कोल्हापुरांत १९०१ पासून शाहू महाराजांनीं निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं. एकाच नगरांत शिक्षणाचे दोन गोतावळे नांदत होते. विजापूरकरांचा त्याग निःसंशय मोठा. पण त्यांचा संबंधपरिवार मुख्यतः पांढरपेशा ब्राह्मणवर्गाचा होता, आणि वेदोक्ताच्या वादानें दोहोंमधील दार लागलें. एकाची कागदपत्रें वाचून दुसऱ्याविषयीं निर्णय देणें हें इतिहासाच्या रीतीस धरून नव्हे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, घरांतील माळ्यावर ‘ग्रंथमाला’ किंवा ‘विश्ववृत्त’ यांचे अंक सांपडल्यास वेष्टनें व जाहिराती फाडून केवळ मजकूर बांधूं नये. वर्गणीदारांची यादी, पोंच आणि पत्ता यांवरूनच कोण कोणास जोडलेला होता हें कळतें. शकावलींत न येणारा असा पुष्कळसा इतिहास त्या पानांवर आहे.