सत्तेचाळिसाव्या वर्षी माउस

परवा भाचीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने मध्येच विचारलं, "मामा, तू तर मुळातला चित्रकलेचा मास्तर. कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवायला कसा काय लागलास?" फोनवर एवढं मोठं उत्तर कुठे द्यायचं? म्हणून इथेच लिहितो. बाकीच्या नातेवाइकांचंही काम होईल.

तर झालं असं. २००३ साली आमच्या शाळेत संगणक आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "ग्राफिक्स म्हणजे चित्रंच ना? मग तुम्हीच घ्या." मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्थिरचित्र, अक्षरलेखन घटवून घेण्यात उमर गेलेली. मे महिन्याच्या सुट्टीत एका क्लासला नाव घातलं. शिकवणारा मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा. "काका, डबल क्लिक करताना हात हलवू नका," हा त्याचा मला पहिला धडा!

एकदा तीन तास खपून गणपती काढला आणि वीज गेली. सेव्ह करायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण चित्र पुरं झालं की करायचं, अशी माझी समजूत. कागदावरचं चित्र कधी असं मध्येच नाहीसं होतं का?

पण खरा त्रास तो नव्हता. वर्गातली पोरं माझ्यापेक्षा भराभर शिकत. नववीतला एक मुलगा मलाच शॉर्टकट दाखवायचा. घरी येताना रोज वाटायचं, यांना जे आधीच येतं तेच आपण शिकवतोय. मग आपला उपयोग काय? हा प्रश्न मी कुणाला बोलून दाखवला नाही. निवृत्त झालो तरी तो मनात राहिलाच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका जुन्या विद्यार्थ्याने मला अमेरिकेतली एक बातमी पाठवली. तो हल्ली अ‍ॅनिमेशनमध्ये असतो. चार्ल्स सुरी नावाचे चित्रकार ९९व्या वर्षी गेले होते. खाली लिहिलं होतं, "सर, तुमच्यासारखेच." काहीतरीच, म्हटलं. पण वाचायला बसलो आणि मग दोन-तीन दिवस तेच वाचत राहिलो.

सुरी यांचा जन्म १९२२चा, वेस्ट व्हर्जिनियातला. आईवडील हंगेरीहून आलेले, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठात गेला आणि १९४२ साली राष्ट्रीय विजेता ठरलेल्या तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघातून खेळला. पुढे सैन्यात भरती, १९४४-४५च्या हिवाळ्यातली बल्जची लढाई, पदक. परत आल्यावर व्यावसायिक फुटबॉलची संधी सोडून त्याच विद्यापीठात चित्रकला शिकवू लागला.

आता खरी गोष्ट. १९६४ साली त्यांच्या पाहण्यात विद्यापीठाच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाचं एक प्रकाशन आलं. त्यात संगणकाने काढलेला एक चेहरा होता. वय बेचाळीस, प्राध्यापकी पक्की, चित्रकार म्हणून नाव. आणि हा माणूस प्रोग्रॅमिंगच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला!

त्या वेळचा संगणक म्हणजे माउस नाही, समोर पडदा नाही. यंत्र होतं आयबीएम ७०९४. सुरी आधी कागदावर हाताने चित्र काढत. त्यातल्या रेषांचे बिंदू आकड्यांत मांडायचे, ते आकडे ८० रकान्यांच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून यंत्राला द्यायचे. यंत्र हिशोब करून पुन्हा भोकांची कार्डंच बाहेर टाकी. तो गठ्ठा उचलून वेगळ्या प्लॉटरकडे न्यायचा, तिथे गोल फिरणाऱ्या कागदावर पेन चालायचं. आपण काय काढलंय ते तेव्हा कुठे दिसणार! आणि मी एका गणपतीसाठी रडत होतो...

१९६७ साली त्यांनी एका पुरुषाच्या चेहऱ्याच्या रेखाटनाला गणितातल्या साइन वक्राच्या लाटा दिल्या. हे काम जेम्स शॅफर या प्रोग्रॅमरच्या साथीने झालं. चेहरा ओघळल्यासारखा दिसतो, पण माणूस ओळखू येतो. त्याच वर्षीच्या 'हमिंगबर्ड' या छोट्या फिल्मसाठी संगणकाने तीस हजारांवर चित्रं काढली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती विकत घेतली.

मला मात्र चटका लावून गेलं ते 'रँडम वॉर'. हेही १९६७चंच. खेळण्यातल्या एका सैनिकाचं रेखाटन यंत्राला दिलं. रणांगणावर कोण कुठे पडेल, कोण मेला, कोण जखमी, कोण बेपत्ता, हे सगळं यंत्राने यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांवर सोडलं. प्रोग्रॅमिंग त्यांच्यापेक्षा चांगलं येणारी तरुण मुलं तिथे असणारच. पण लढाईत कोण वाचतं याला काही अर्थ नसतो, हे बर्फात लढून आलेल्या माणसाला जसं कळलं होतं, तसं त्या मुलांना कुठून कळणार?

१९७१ साली सुरींनी विद्यापीठात कॉम्प्युटर ग्राफिक्सचा संशोधन गट उभा केला, तेव्हा ते एकोणपन्नाशीला आले होते. चित्रकार आणि इंजिनिअर तिथे एकत्र काम करत. 'आइस एज' (२००२) या चित्रपटाचा दिग्दर्शक ख्रिस वेज याच ओहायो स्टेटमध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकला. १९९० साली निवृत्त झाल्यावरही सुरी चित्रं काढत राहिले.

हे वाचताना मला तो नववीतला शॉर्टकटवाला मुलगा आठवला. त्याने एकदा कोरलड्रॉमध्ये आंबा काढला होता. वक्र रेषेवर पन्नास-साठ नोड आणि आंबा खडबडीत, फणसासारखा. मी म्हटलं, "माउस सोड. पेन्सिल घे आणि हात न उचलता काढ." चार-पाच कागद झाल्यावर रेष वळली. मग म्हटलं, "आता बघ, रेष दिशा कुठे कुठे बदलते? तेवढेच नोड ठेव." आठ नोडमध्ये आंबा झाला. तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मला त्या दिवशी वाटलं होतं, आपण संगणकाचा तास चित्रकलेत घालवला. आज वाटतं, तेवढाच एक तास मी खरा ग्राफिक्स शिकवलं.

बातमी पाठवणारा विद्यार्थी तोच, हे सांगायचं राहिलं.

असो. ताई, तू हा प्रश्न का विचारलास ते माझ्या लक्षात आलंय बरं का. क्लासची चौकशी करून आलीस, वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं दिसली आणि परत फिरलीस, हे तुझ्या आईने सांगितलं मला. तुला पुढच्या महिन्यात बेचाळीस लागेल. सुरी त्या वर्गात जाऊन बसले तेव्हाचं वय. नाव घालून टाक. पोरं पुढे जातील, जाऊ देत.

फक्त मधून मधून सेव्ह करत जा.