नव्व्याण्णव टक्के वसुली

परवा ऑफिसात अप्रेझलचा फॉर्म आला. पहिला कॉलम: किती तिकिटं क्लोज केली? ज्याचं तिकीट होतं त्याचं काम झालं का, याला कॉलमच नाही! आणि मला आठवली 'एसकेएस मायक्रोफायनान्स'.

विक्रम अकुलांनी १९९७ साली आंध्रात ही संस्था सुरू केली, तेव्हा ती ना-नफा होती. पद्धत बांगलादेशच्या ग्रामीण बँकेकडून घेतलेली. पाच बायकांचा गट, तारण नाही, दर आठवड्याला गावात बैठक, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं. बैठकीला येणारा वसुलीचा पोरगा म्हणजेच त्या बायकांसाठी कंपनी. कोणाकडे आजारपण आहे, कोण दुसरीकडून उचल घेऊन इथला हप्ता भरतेय, हे कळलं तर त्यालाच कळणार.

२००५ पासून काम नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे गेलं. गुंतवणूकदार आले, वाढीचे आकडे वर ठरू लागले. या धंद्यात पोरांचा इन्सेंटिव्ह नवे कर्जदार आणि वसुली यांवर. मग तो कशाला विचारेल, "ताई, आधीची किती कर्जं आहेत?" एकेका गावात चार-चार कंपन्या. वसुली मात्र ९९ टक्के! (एवढा हिरवा डॅशबोर्ड दिसला की मला तरी भीती वाटते.)

२००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात प्रशासनाने दुसऱ्या दोन कंपन्यांच्या सुमारे ५० शाखा बंद केल्या होत्या. तरी कोणी ब्रेक लावला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएसचा शेअर ९८५ रुपयांना बाजारात आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सीईओंना काढलं. त्याच महिन्यात, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर, राज्य सरकारने वटहुकूम काढला: सक्तीची वसुली बंद, हप्ता महिन्याने. आंध्रातली वसुली १० टक्क्यांच्या आसपास घसरली. पैसे भरू नका म्हणणारे पुढारीही होतेच, सगळा दोष कंपनीचा नाही. पण बाहेरच्या राज्यांत तीच कंपनी नीट वसुली करत होती. २०११-१२ चा तोटा सुमारे १,३६० कोटी. अकुला नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर पडले, आणि २०१९ मध्ये कंपनी इंडसइंड बँकेत विलीन झाली.

२०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, एका बाईला दोनपेक्षा जास्त मायक्रोफायनान्स कंपन्यांनी कर्ज द्यायचं नाही. २०२२ मध्ये ही अट जाऊन नवी आली: सगळे हप्ते मिळून घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे नकोत. उत्पन्न किती, हे घरी जाऊन विचारायचं काम पुन्हा त्याच पोराकडे.