गुप्त सैन्याची माणसे कशी निवडली गेली

मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहावे, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा गडकिल्ल्यांविषयी लिहावे असाच आमचा विचार होता. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका ज्ञातिबंधूंच्या नातवाने आम्हांस विचारले, "गुरुजी, ज्या पलटणीचे नावही उच्चारावयाचे नसते, तिच्यात माणसे भरती तरी कशी करतात?" प्रश्न मार्मिक होता. त्या मुलाला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शस्त्रे ठेवली. पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या युद्धमंत्रिमंडळाने एक गुप्त संघटना उभी केली. शत्रूच्या ताब्यातील मुलखात शिरून रूळ उखडणे, कारखाने निकामी करणे आणि तेथील बंडखोरांस शस्त्रे पुरविणे हे तिचे काम. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर तिची कचेरी होती. बाहेरच्या जगाला मात्र ती संशोधनाची एक सरकारी शाखा म्हणून सांगितली जाई. अशा संघटनेने वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी कशी? म्हणून आरंभी सर्व भिस्त ओळखीवर होती. एकाने आपल्या शाळासोबत्याचे नाव सुचवावे, त्याने आपल्या पेढीतील सहकाऱ्याचे, असे चाले. ओळखीने मनुष्य विश्वासाचा मिळतो, हे खरे. पण योग्य मिळतोच असे नाही. आपल्या मंडळातही नोकरीसाठी शिफारसपत्रे मागण्यास येणाऱ्यांची वाण नाही. त्यांनी या वाक्यावर रागावू नये.

फ्रान्सच्या कामासाठी पहिली अट भाषेची होती. नुसते व्याकरणशुद्ध फ्रेंच उपयोगाचे नव्हते. बोलण्याची ढब, जेवण्याची रीत, पैसे मोजण्याची लकबसुद्धा तेथलीच हवी. त्यामुळे आई एका देशाची व बाप दुसऱ्या देशाचा अशी मुले, फ्रान्समध्ये वाढलेले इंग्रज, चित्रकार, व्यापारी, इतकेच काय, पण मोटारशर्यती जिंकणारा एक गृहस्थसुद्धा या यादीत आढळतो. ओडेट सॅन्सम या बाईंची हकिकत तर विलक्षण आहे. १९४२ मध्ये सरकारने रेडिओवरून फ्रान्सच्या किनाऱ्याची छायाचित्रे मागविली. बाईंनी आपल्याजवळची पाठविण्याची तयारी कळविली. पण आरमाराच्या खात्याऐवजी पत्र चुकून युद्धखात्याच्या पत्त्यावर गेले. त्या एका चुकीमुळे तीन मुलींच्या या आईचे नाव भरती करणाऱ्यांच्या टेबलावर आले!

भरती करणारे अधिकारी होते सेल्विन जेप्सन. पेशाने गुप्तहेरकथा लिहिणारे कादंबरीकार. नॉर्थम्बरलँड ॲव्हेन्यूवरील सरकारने ताब्यात घेतलेल्या एका हॉटेलातील उघड्याबोडक्या खोलीत ते उमेदवारास भेटत आणि आपले नाव पॉटर असे सांगत. उमेदवाराची सरकारदप्तरी चौकशी आधीच गुपचूप झालेली असे. आपल्याला कशासाठी बोलाविले, हे मात्र त्या बिचाऱ्यास ठाऊक नसे; भाषेचे काही काम असावे, एवढीच त्याची समजूत. संभाषण मध्येच फ्रेंचमध्ये वळे. माणूस पटला तरच खरे काम सांगावयाचे, जीव जाण्याचा संभव किती आहे तेही सांगावयाचे, आणि विचार करण्यास घरी पाठवावयाचे. बेधडक, उतावळा वीर जेप्सनांना नको होता. भीती वाटते आणि तरी सावधपणे पाऊल टाकतो, असा मनुष्य त्यांस हवा असे.

१९४२ च्या नोव्हेंबरात त्या खोलीत नूर इनायत खान ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी आली. तिचे नाव आपल्या वाचकांस अगदीच परके वाटू नये. तिचे पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा स्थापिली. वडील इनायत खान यांचा जन्मही बडोद्याचाच. आई अमेरिकन. नूर वाढली पॅरिसजवळ. मुलांसाठी जातककथा इंग्रजीत सांगणारे तिचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले होते. पुढे ती हवाई दलात बिनतारी संदेशाचे काम शिकली. त्या दलात अधिकारपदाच्या मुलाखतीत हिंदुस्थानच्या पुढाऱ्यांविषयी विचारले असता, युद्ध संपल्यावर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचीच बाजू घेऊ, असे तिने तोंडावर सांगितले. खोटे बोलणे जिला जमत नाही, तिला हेरगिरीस पाठवावे काय? जेप्सनांनी तिला घेतले.

शिक्षणकाळात मतभेद झाले. शेवटच्या शाळेच्या प्रमुखाने ती या कामास स्वभावतःच अयोग्य आहे, असा अहवाल दिला. विभागप्रमुख बकमास्टर यांनी तो मानला नाही. फ्रेंच जाणणारी, बिनतारी यंत्र चालविणारी माणसे थोडी होती आणि निकड मोठी होती.

येथे आम्हांस स्वतःचे थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. 'मुलगा सुशील व होतकरू आहे' अशी प्रमाणपत्रे आम्ही शेकड्यांनी लिहिली. एकदा सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याची आई घरी आली आणि प्रमाणपत्र देऊ नका म्हणून पदर पसरू लागली. मुलगा खरोखरच लायक होता. आम्ही सही केली. तो पुढे सुखरूप निवृत्त झाला. पण मधली कित्येक वर्षे ती माउली रस्त्यात दिसली की आम्ही बाजूच्या गल्लीने जात असू.

१९४३ च्या मध्यास प्राथमिक निवडीची रीत बदलली. मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली चार दिवसांची कसोटी सुरू झाली: दोर, फळ्या व पिंपे देऊन ओढा ओलांडावयास सांगणे इत्यादी. आपली मुले खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी निवडमंडळापुढे जातात तेव्हा जे प्रकार करतात, त्यांचे मूळही त्याच काळच्या ब्रिटिश सैन्याच्या पद्धतीत आहे. नूर मात्र तोवर निघून गेली होती.

१९४३ च्या जूनमध्ये रात्रीच्या विमानाने ती फ्रान्सला उतरली. दहा-बारा दिवसांतच पॅरिसचे सारे जाळे जर्मनांनी उद्ध्वस्त केले. परत बोलाविले असता दुसरा माणूस मिळेतो ती परतण्यास तयार झाली नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ यंत्र घेऊन घरे बदलीत तिने लंडनला संदेश पाठविले. ऑक्टोबरात दगाफटका होऊन ती पकडली गेली. दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. पुढे तिला साखळदंडात ठेवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. अयोग्य म्हणणारा प्रमुख चुकला की बकमास्टर चुकले, हा निवाडा आम्हांस करता येत नाही. दोघांच्याही म्हणण्यास पुरावा तिच्याच आयुष्यात सापडतो.

फ्रान्सच्या या विभागाने चारशेहून अधिक माणसे पाठविली. ११८ परतली नाहीत. त्याच कचेरीतील व्हेरा ॲटकिन्स या बाई, ज्यांनी कित्येकांस विमानतळावर निरोप दिला होता, युद्धानंतर जर्मनीत गेल्या आणि तुरुंगाधिकारी व पहारेकरी यांच्या जबान्या घेत एकेकाचा शेवट शोधू लागल्या. नूरचा शेवट दुसऱ्याच छावणीत झाला, अशी त्यांची प्रथम समजूत झाली होती. ती चूक त्यांनी स्वतःच १९४७ मध्ये सुधारली. निघताना नूरने त्यांना एकच विनंती केली होती: आईला खुशालीची पत्रे धाडीत राहावे, आणि आपला मृत्यू निश्चित ठरेपर्यंत तिला काही कळवू नये.