पुसलेली राणी, झाकलेले संत

इस्लाम आणि चित्रकला हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : मुसलमानांत माणसाचे चित्र काढणे हराम आहे. मग एखाद्या जुन्या तसबिरीतली आकृती खरवडलेली दिसली की निकाल ठरलेलाच, धर्मवेड्यांनी पुसली. गंमत म्हणजे आमच्यातलेही अनेकजण हेच वाक्य अभिमानाने सांगतात. कुरआनात निषेध आहे तो मूर्तिपूजेचा. चित्रांविषयीची बंधने हदीसमधून येतात आणि ती कुठे, किती लागू होतात यावर उलेमांत शतकानुशतके वाद झाले आहेत. पण एवढे ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे?

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची एक सचित्र फारसी पोथी आहे. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) सुलतान पहिला हुसेन निजामशाह याची आफताबी नावाच्या कवीने केलेली ही स्तुती. जानेवारी १५६५मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा रामराया मारला गेला, त्या विजयाचे वर्णन तिच्यात आहे. हुसेन त्याच वर्षी वारला. पोथी त्याच सुमाराची.

सुलतानाइतकेच कौतुक या काव्यात त्याच्या बेगमेचे, खुंजा हुमायूनचे आहे. आपल्याला ती ठाऊक असते फक्त चाँदबीबीची आई म्हणून. चित्रकाराने तिला पडद्याआड ठेवले नाही. भर सिंहासनावर सुलतानाजवळ बसवले. भोवती दासी आहेत, चोळी ल्यालेल्या, लांब वेण्यांच्या. सबंध पोथीतले मला सर्वांत भावते ते एक पान : एक तरुणी झाडाला बिलगली आहे आणि झाड बहरले आहे. हा संस्कृत कवींचा जुना संकेत, दोहद. तरुणीचा स्पर्श झाला, तिचा पाय लागला की अशोक फुलतो. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच दोहदातून आला. सांचीच्या तोरणावर फांदीला धरून झुललेली यक्षी याच कुळातली. म्हणजे बौद्ध स्तूपाच्या दारावरची स्त्री दीड हजार वर्षे चालत शिया सुलतानाच्या फारसी पोथीत येऊन उभी राहिली, आणि तिला कुणी धर्म विचारला नाही.

त्याच १५६५ साली रोममध्ये उलटे काम चालले होते. सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने १५४१मध्ये ‘अंतिम निवाडा’ पूर्ण केला, तेव्हापासून कुरकुर होती. कयामतच्या दिवशी माणूस कपडे घालून उठणार नाही, म्हणून त्याने शेकडो देह उघडे रंगवले होते, संतांसकट. बियाजो दा चेझेना या पोपच्या दरबारी अधिकाऱ्याने नाक मुरडले, तर पठ्ठ्याने त्याचाच चेहरा नरकातल्या मिनोसला दिला, वर गाढवाचे कान! पण १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने धार्मिक चित्रांतल्या कामुकतेवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी हे देह झाकायचे ठरले. मायकेलअँजेलो १८ फेब्रुवारी १५६४ला वारला. काम आले त्याचाच मित्र दानिएले दा व्होल्तेरा याच्याकडे. त्याने कुणाला फडकी नेसवली. संत कॅथरिनचा उघडा देह मात्र गिलाव्यासकट छिन्नीने काढला आणि नव्या गिलाव्यावर तिला हिरवा झगा घातला. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘ब्रागेत्तोने’, म्हणजे चड्ड्या शिवणारा. बिचाऱ्याची स्वतःची चित्रे फार थोड्यांना आठवतात.

ही झाकपाक सरळसरळ धर्माच्या हुकमाने झाली. पण त्यावरून ख्रिस्ती धर्मात देह रंगवणे निषिद्ध आहे, असे कुणी म्हणत नाही.

पुण्याच्या पोथीतही पुढे झाकपाक झालीच. खुंजा हुमायूनची आकृती बहुतेक चित्रांत रंग फासून पुसलेली आहे. आता नीट पाहा. सुलतान शाबूत आहे. दासी शाबूत आहेत. झाडाला बिलगलेली तरुणीही जागेवर आहे. माणसाची आकृती हीच जर अडचण असती, तर पुसणाऱ्याचा हात एकाच बाईपाशी का थांबला?

उत्तर राजकारणात सापडते. हुसेननंतर अल्पवयीन मुर्तजा गादीवर आला आणि काही वर्षे राज्य चालवले ते त्याच्या आईने. तिने भावांना व मर्जीतल्यांना मोठ्या जागा दिल्या, सरदार बिथरले आणि अखेर १५६९च्या सुमारास मुलानेच आईला कैद केले. पोथीतली राणी या पाडावानंतर पुसली गेली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. कुणी म्हणेल, पडद्याच्या विचाराने झाकली असेल. पण ज्या दरबाराने तिला सिंहासनावर रंगवून घेतले, त्यालाच पडदा मागाहून आठवावा, हे मला पटत नाही.

तिची मुलगी या बाबतीत नशीबवान ठरली. चाँदबीबी १५९९-१६००च्या धामधुमीत मारली गेली. त्यानंतर शतकभराने दख्खनी चित्रकार तिला रंगवत होते, घोड्यावर स्वार, हातावर ससाणा, चेहरा उघडा.