विहिरीतला बिबट्या आणि काठावरचा वनरक्षक

रत्नागिरी : कोकणातील अनेक विहिरी जांभ्याच्या कातळात खोदलेल्या आणि कठड्याविना असतात. रात्रीच्या अंधारात भक्ष्याचा पाठलाग करताना बिबट्या अशा विहिरीत कोसळतो आणि सकाळी पाण्यासाठी गेलेल्यांना त्याची गुरगुर ऐकू येते. लांजा, राजापूर, संगमेश्वर या तालुक्यांत असे प्रसंग वारंवार घडतात. नंतर चर्चा होते ती बिबट्याच्या सुटकेची. त्याला बाहेर काढणाऱ्या वनकर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार मात्र क्वचितच होतो.

हिंस्र प्राणी हाताळण्याचा पहिला नियम प्राणिसंग्रहालयात पाळला जातो : माणूस आणि प्राणी एकाच वेळी एका जागेत असता कामा नयेत. म्हणूनच पिंजऱ्याला दुहेरी दारे असतात आणि प्राणी आतल्या कोठडीत बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय रक्षकाने आवारात पाऊल टाकायचे नसते. हा नियम किती कठोर आहे, हे ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरूजवळील बन्नेरघट्टा उद्यानात दिसले. तेथे पांढऱ्या वाघांच्या हल्ल्यात एका रक्षकाचा मृत्यू झाला. एक दार बंद झाले नव्हते, असे त्या वेळी सांगण्यात आले.

विहिरीच्या काठावर अशी दारे नसतात. तेथे दाराचे काम अंतर करते, आणि हे अंतर गर्दीमुळे नाहीसे होते. चहूबाजूंनी माणसे वाकून पाहू लागली की घाबरलेला बिबट्या बाहेर येताच मिळेल त्या दिशेने झेप घेतो, आणि दोर धरून उभा असलेला कर्मचारी त्याच्या वाटेत सापडतो. त्यामुळे पोलिसांच्या मदतीने परिसर मोकळा करणे हीच बचावकार्याची पहिली पायरी होय.

त्यानंतर दमलेल्या बिबट्याला आधार म्हणून फळी किंवा बाज दोरांनी पाण्यात सोडतात. जाळ्याने विहिरीचे तोंड झाकतात आणि पिंजरा खाली उतरवतात. बिबट्या आत शिरला की वरूनच दोरीने दार पाडले जाते. कोणालाही विहिरीत उतरावे लागू नये, हे या पद्धतीचे मर्म आहे. विहीर उथळ असेल तर शिडी किंवा ओंडका सोडून, माणसे हटवून, बिबट्याला रात्री आपणहून जाऊ देणेही श्रेयस्कर ठरते.

‘भुलीचे इंजेक्शन का देत नाहीत?’ हा गावकऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. झायलाझिन आणि केटामाइन या औषधांचा परिणाम व्हायला काही मिनिटे जातात. पाण्यातला प्राणी तेवढ्यात बुडू शकतो. जमिनीवरचा चवताळून हल्ला करू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळुरूतील एका शाळेत शिरलेल्या बिबट्याला पकडताना वन्यजीव संशोधक संजय गुब्बी यांच्यासह काही जण जखमी झाले होते. शिवाय बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला पकडण्यासाठी रीतसर परवानगी लागते.

जखम झालीच तर ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. रेबीजची प्रतिबंधक लस आधी घेतलेली असली तरी पुन्हा मात्रा घ्याव्या लागतात. मात्र इम्युनोग्लोब्युलिनची गरज सहसा उरत नाही. म्हणूनच अशा कामावरील प्रत्येकाने ही लस आधीच घेणे हिताचे.

बिबट्या विहिरीत दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि काठापासून दूर राहावे. खरा उपाय अर्थातच त्याआधीचा आहे. विहिरीला कठडा आणि वर जाळी असेल, तर बिबट्याही पडणार नाही आणि त्याच्यासाठी कोणा वनरक्षकाला जीव धोक्यात घालावा लागणार नाही.